दादाच्या पेट्यांतली घुंगरं

पलूसला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि स्वभाव पहिल्यापासून तापट. बिघाड सापडेना की मला अन्न गोड लागत नसे. चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरच्या सुमाराला तर बिघाड घरातच निघाला, कुंडलला, तोही थोरल्या भावाच्या स्पीकरांत.

दादा तोफखान्यात होता. छावणीतल्या साहेबांच्या मेसमधून मोडीत निघालेली विलायती स्पीकरची जोडी त्यानं एका सुट्टीत ट्रंकेसोबत आणली होती. प्रत्येक पेटीत खाली ताटाएवढा मोठा स्पीकर, वर वाटीएवढा छोटा. बारीक, टोकदार आवाज सगळा त्या छोट्यातून यायचा. दादाला लावण्यांच्या रेकॉर्डींचं वेड, आणि ढोलकीपेक्षा त्याचा कान घुंगरांवर. मागच्या सुट्टीहून जाताना म्हणाला, "घुंगरं दबल्यागत वाटत्यात रं गड्या. फुडच्या सुट्टीपतोर बघून ठेव." मीही कान लावून ऐकलं. खरंच, आवाज गोधडीखालून आल्यागत येत होता.

दिवाळीला येतो असं पत्र आलं आणि माझा जीव टांगणीला लागला. वर्षातून एकदा घरी येणारा माणूस, त्याचं मागणं एवढंसं, आणि मी स्वतःला मेकॅनिक म्हणवतो! अर्ध्या दिवसात दुकान बंद करून कुंडलला पळायचं, पेटीचं मागचं फळकूट काढायचं, मीटर लावायचा. कॉइल ठीक. बारीक आवाज छोट्या स्पीकरकडं धाडणारा जुना कंडेन्सर वाळला असेल म्हणून सांगलीहून दोन नवे आणले, डाग देऊन जोडले. ढिम्म फरक नाही. एका पेटीचा आवाज गेला असता तर समजलं असतं, दोन्ही एकदम कशा जातील? वायरी बदलल्या, रेकॉर्ड प्लेअरची सुई बदलली, परत सांगली गाठली. तिथला दुकानदार म्हणाला, "असला छोटा स्पीकर हितं मिळायचा न्हाई. आवं, दुसरी जोडी घ्या की." त्याच्याशी भांडून आलो. बायको म्हणाली, "मला कशाला आणलंसा? पेट्यांशीच लगीन लावायचं हुतं." तिच्यावरही खेकसलो.

दादा यायला चार दिवस राहिले तेव्हा माझं डोकं पार फिरलं. पेटीला सणसणीत लाथ घातली. पुढची कापडाची चौकट निसटून खाली पडली आणि मी बघतच राहिलो. छोट्या स्पीकरच्या कागदी पडद्यावर हळदीकुंकवाचे थरावर थर, वाळून खपली धरलेले, आणि त्यात दोन अक्षता चिकटलेल्या. दुसऱ्या पेटीतही तेच. कागद हलणार कसा आणि घुंगरं वाजणार कशी? रेडिओवाला कायम मागूनच उघडतो. इतक्या दिवसांत मी एकदाही पुढून बघितलं नव्हतं.

"आयं!" मी ओरडलो. आई चुलीपासून उठून आली. "ह्ये तू केलंस?"

"व्हय. दर खंडेनवमीला फुडची चौकट काढून लावते."

"अगं, ह्यो काय कोयता हाय का खुरपं? सत्यानाश केलास!"

ती जराही बिचकली नाही. "तुजी पक्कड पुजते, तुज्या बाचा नांगर पुजते. थोरल्याचं हत्यार तकडं लांब. त्येला कोण लावतंय कुकू? त्येची म्हणून घरात हीच वस्तू हाय. मी लावते आन् दर वर्साला त्यो सुकरूप येतो."

 तरी ओलं फडकं घेतलंच. तिनं माझं मनगट धरलं. "त्यो उंबऱ्याच्या आत आल्याबिगर पुसायचं न्हाई." मी चरफडत दुकानात गेलो आणि विनाकारण गिऱ्हाइकावर तोंड टाकलं. पण पुसलं नाही. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटली होती. ते चार दिवस मी धड बसलो नाही की धड जेवलो नाही.

दादा आला. भाकरतुकडा ओवाळून झाल्याबरोबर आईनं स्वतःच ओला कापूस घेतला आणि हलक्या हातानं दोन्ही खपल्या पुसून काढल्या. पडदे वाळल्यावर मी रेकॉर्ड लावली. आणि काय सांगू! घुंगरं खोलीभर सांडली, एकेक मोजून घ्यावं इतकी लख्ख. आई तोंडाला पदर लावून हसली.  मी दादाकडं बघितलं.

दादा मान पुढं काढून ऐकत होता. "ढोलकी लय झकास. घुंगरं मातूर अजून न्हाईत की रं."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण तो पेटीजवळ सरकला आणि छोट्या स्पीकरला त्यानं कान टेकवला. जरा वेळानं म्हणाला, "न्हाई बा." तेव्हा ध्यानात आलं, आल्यापासून आईचं प्रत्येक बोलणं तो दोनदा विचारून घेत होता. इतकी वर्षं तोफांशेजारी उभा राहिलेला माणूस! आईच्या हातातला लाल कापूस तसाच राहिला. तिलाही कळलं होतं.

"कंडेन्सर गेलाय, दादा," मी म्हणालो. "फुडच्या सुट्टीपतोर करून ठेवतो."

"कर की निवांत," तो हसला. "मी कुटं पळून चाललोय?"

मी रेकॉर्ड बंद केली. धडधाकट वस्तू बिघडलीय असं मी कधी गिऱ्हाइकालासुद्धा सांगितलं नव्हतं. दादाला सांगितलं, आईच्या देखत, आणि तिनं तो लाल कापूस पदराआड केला.