पद्माक्का आणि सव्वीस जाळ्या

सकाळी साडेसातला भर रस्त्यात सायकल उभी करून, पदर खोचून, गटारीच्या जाळीभोवती रांगोळी काढत बसलेली बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? मी पाहिली. पाहूनही मला ओ की ठो कळलं नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

पद्माक्का सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायच्या. घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. अंगकाठी किरकोळ, पण यंत्रमागांच्या खडखडाटात बोलून बोलून आवाज असा झालेला की कुजबुजल्या तरी चौकात ऐकू जावं. तीस वर्षं त्या घरापासून कारखान्यापर्यंत सायकलनेच गेल्या. त्यांचं बघून गल्लीतल्या दहा-बाराजणी सायकल शिकल्या. एखादी नवी बाई घाबरली की म्हणायच्या, "रिक्षाची वाट बघशील, नवऱ्याची वाट बघशील. सायकल कुणाची वाट बघती का? बस आन् जा की."

मी तेव्हा शहराच्या रस्ते खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. कारखान्यांकडे जाणाऱ्या त्या रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी वेगळी पट्टी करायचं काम माझ्याकडे आलं. नकाशा मीच काढला आणि त्याच्यावर माझा जीव जडला. हिरवा रंग, वर पांढरी सायकलची चित्रं, सगळं झकास. फक्त त्या पट्टीत पावसाचं पाणी जायला सव्वीस लोखंडी जाळ्या होत्या आणि त्यांचे गज रस्त्याच्याच दिशेने बसवलेले होते. दोन गजांमध्ये सायकलचं चाक बरोबर आत उतरेल एवढी फट. जीपमधून फिरणाऱ्या माणसाला ती दिसत नाही.

पद्माक्कांना दिसली. अर्ज कुठे द्यायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण रोज पहाटे दारात रांगोळी घालणारा हात होता. त्यांनी प्रत्येक जाळीभोवती ठळक पांढरी चौकट काढायला सुरुवात केली, मागून येणाऱ्या बायकांना लांबून दिसावी म्हणून. झालं भलतंच. लोकांना वाटलं, इथे काहीतरी देवाचं आहे. आठवड्याभरात जाळ्यांवर जास्वंद आली, हळदकुंकू आलं, एकाने नारळ फोडला. चप्पल काढून हात जोडणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्या म्हणाल्या, "मामा, गटारीच्या पाया काय पडताय? घरच्या पोरींना सांगा, हितं चाक जपा म्हणून."

अशात आमच्या वरिष्ठांची पाहणी ठरली. माझ्या हिरव्यागार पट्टीवर करवंट्या आणि कुंकवाचा राडा बघून मी असा भडकलो की पाण्याचा टँकर बोलावून सगळं धुऊन काढलं. साहेब खूश झाले. दुसऱ्याच दिवशी पद्माक्कांच्या कारखान्यातली नागम्मा जाळीत चाक अडकून पडली. मनगट मोडलं, तेही उजवं, आणि पोट शिवणकामावर.

पद्माक्का कचेरीत आल्या. मी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत.

"रांगोळी कुणी पुसली?"

"मी."

आता माझा उद्धार होणार म्हणून मी मान खाली घातली. त्या शांतपणे म्हणाल्या, "खरं बोललात, बरं झालं. आता चला की. तुमचा रस्ता हाय, तुमी चालवून बघा."

त्यांची लेडीज सायकल, वर मी. कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता. दोन जाळ्या कशाबशा चुकवल्या. तिसरीत पुढचं चाक उतरलं आणि मी हँडलवरून थेट पुढे. पँट फाटली, गुडघा फुटला. टपरीवरची मंडळी पोट धरून हसली, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

पद्माक्का हसल्या नाहीत. त्या जाळीपाशी उकिडव्या बसल्या आणि कापड मोजावं तशी वितीने जाळी मोजली. एकदा उभी, एकदा आडवी. "साहेब, दोनीकडनं सारखीच हाय. उचला, फिरवा, ठेवा."

मी रक्ताळलेला गुडघा धरून बघतच राहिलो. चौकोनी जाळी! फिरवली की गज आडवे, गज आडवे की चाक वरून जाणार. नवं काही आणायचं नाही, काही तोडायचं नाही. चार वर्षं अभियांत्रिकी शिकून मला जे सुचलं नाही ते या बाईंनी दोन वितींत सांगितलं.

पण तो दिवस शुक्रवारचा, आणि सोमवारी चौकटींत सिमेंट भरून जाळ्या कायमच्या पक्क्या होणार होत्या. साहेब म्हणाले, "प्रस्ताव टाका, बघू." ठेकेदार म्हणाला, "लेखी आणा." मग मीच कागदावर लिहिलं, 'जाळ्या माझ्या जबाबदारीवर फिरवाव्यात', खाली सही केली आणि तो कागद ठेकेदाराच्या हातात ठेवला. तेव्हा माझी नोकरी कच्ची होती आणि घरात लग्नाची बहीण.

रविवारी ठेकेदाराची माणसं सुट्टीवर, म्हणून पद्माक्काच बाराजणींना घेऊन आल्या, सायकलींना पहारी बांधून. काय तो उत्साह! एकीने पहार घालायची, तिघींनी उचलायचं, फिरवायचं, ठेवायचं. हाताला प्लॅस्टर घातलेली नागम्मा कट्ट्यावर बसून मोठ्याने मोजत होती. मीही बाह्या सरसावल्या, तर पद्माक्का म्हणाल्या, "बोटं सांभाळा, साहेब. सह्या कोण करणार मग?" दुपारी नागम्माने सव्वीस म्हटलं तेव्हा रस्त्यावरच्या अनोळखी माणसांनीही टाळ्या वाजवल्या.

मला 'कारणे दाखवा' नोटीस आली. ती मी फ्रेम करून लावली आहे. नोकरी वाचली, कारण पुढे साहेबांनीच तो रस्ता आपला म्हणून मिरवला. पद्माक्का आता हैदराबादला लेकीकडे असतात.

सिमेंट वाळल्यावरची पहिली सकाळ मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. मी रस्त्याच्या टोकाला उभा होतो. पुढे पद्माक्का, मागे सगळ्याजणी, जाळ्यांवरून खडखड करत, कुठेही वेग कमी न करता आल्या. पद्माक्का माझ्याजवळ थांबल्या. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. त्या मान वर करून झाडांकडे बघत होत्या.

"काय ओ साहेब, ही एवढी कडुलिंबाची झाडं कधी लावली?"

"अक्का, ती जुनीच आहेत. तुमच्या-माझ्या आधीपासूनची."

"व्हय? तीस वर्षं खड्डं चुकवत खाली बघूनच गेले की मी," त्या म्हणाल्या, आणि वर बघतच कामावर निघून गेल्या.