मापाड्याची मागची सीट

“बासष्ट भरतील,” ते म्हणाले.

माझ्याबद्दल म्हणाले. पहिल्याच भेटीत, नमस्कार-चमत्कार न करता, दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना. एक डोळा बारीक करून त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, उजवा तळहात हवेत जरासा वरखाली केला आणि आकडा सांगून टाकला. मी घरी जाऊन काट्यावर उभी राहिले नाही. गरज नव्हती. आकडा ऐकून मला राग आला, त्यावरूनच तो बरोबर असणार हे कळलं.

आळेफाट्यावर माझं जुन्या मोटारसायकलींचं दुकान आहे. बोर्डावर ‘ऑटो कन्सल्टंट’ असं लिहिलंय, पण सल्ला कुणी मागत नाही. लोक येतात, टायरला लाथ मारतात, किंमत ऐकून हसतात आणि शेवटी गाडी घेऊन जातात. दुकान नवऱ्याने टाकलं. तो कंटाळून द्राक्षांच्या मागे लागला, मी कंटाळले नाही.

हे गृहस्थ कांद्याच्या मार्केटात मापाडी होते. पोतं काट्यावर चढलं की वजन बघायचं आणि मोठ्याने पुकारायचं, एवढंच काम. त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, सगळे मापाडीच म्हणत. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, ज्याचं काम त्याच्या अंगातून संध्याकाळी घरी गेल्यावरही उतरत नाही. मापाडी चहाचा ग्लास तोंडाला लावण्याआधी तोलून बघायचे. कुणाचं बाळ बघायला गेले की उचलायचे, आकडा सांगायचे आणि परत द्यायचे. त्यांच्या बाजूने कौतुक झालेलं असायचं. एकदा मयताला खांदा देताना त्यांनी शेजारच्याच्या कानात आकडा सांगितला, असंही मी ऐकलंय. मी ते खरं धरते.

त्यांना मोटारसायकल हवी होती. जुनी चालेल, रंग कुठलाही चालेल, फक्त तिच्यावरून बायको पडता कामा नये.

“अशी गाडी वेगळी येत नाही, भाऊ,” मी म्हटलं. “मनात आणलं तर कुठल्याही गाडीवरून पडता येतं.”

“मनात कुटं आणलं व्हतं तिनं?” ते म्हणाले. “आमची मंडळी पडली, ताई. आन् मला कळलंच न्हाई.”

झालं होतं ते असं. दोघं त्यांच्या जुन्या मोपेडवरून आळ्याहून बोरी बुद्रुकला लग्नाला निघाले होते. वाटेत एका गतिरोधकावर गाडी उडाली आणि बाई मागच्या मागे खाली. मापाडी मार्केटातल्या कुठल्याशा भांडणाची हकिगत सांगत होते, ती सांगत पुढे गेले. मध्ये एकदा त्यांनी विचारलंही, “माझं काय चुकलं, सांग.” उत्तर आलं नाही. घरीही येत नसे, त्यामुळे त्यांना काही वेगळं वाटलं नाही. बोरीच्या अलीकडे टपरीवर थांबून, मागे न बघताच त्यांनी दोन चहा सांगितले. स्वतःचा प्याले. दुसरा निवायला लागला म्हणून तोही प्याले. तो पीत असताना समोरून एक जीप गेली. आत दाराशी बसलेली बाई थेट त्यांच्याकडे बघत होती.

“मी म्हनलं, हुबेहूब आपल्या मंडळीवानी दिसतीय,” ते मला म्हणाले.

ते लग्नाला पोहोचले तेव्हा ती पंगतीत बसून जिलबी खात होती. कोपर खरचटलं होतं, बाकी शाबूत. भांडली नाही. रडली नाही. घरी जाताना जीपकडे वळली आणि एवढंच म्हणाली, “तुमच्या मागं मी आता बसायची न्हाई.”

दोन वर्षं ती बसली नव्हती. तिचं माहेर घोडेगावच्या पुढे डोंगरात, जिथे भात आणि नाचणी होते. वरचेवर जावं लागायचं. ती एसटीने जायची आणि हे मोपेडवरून एसटीच्या मागोमाग, धूळ खात. मागच्या खिडकीत बसून ती त्यांच्यावर लक्ष ठेवायची. शेजारची बाई विचारायची, “मागं कोन येतंय गं?” ही म्हणायची, “आमचंच हाये.”

मार्केटात तर चेष्टेला ऊत आला होता. हमाल त्यांच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि विचारायचे, “मापाडी, मागं किती भरतंय बगा की!” ते हसण्यावारी न्यायचे. माझ्याकडे मात्र स्टुलावर बसून म्हणाले, “आख्ख्या जुन्नर तालुक्याची पोती माझ्या हातनं गेली, ताई. एक पडू दिलं न्हाई. आन् घरचं मानूस पडलं तर टपरीवर तिचा चहा पिऊन बसलो. आता पोरी सासरी गेल्या, मार्केट सुटायला आलं. दोघांनी हिंडायचं ठरवलंय.”

“वहिनींनी पण ठरवलंय?”

“तिला आजून सांगितलं न्हाई. आदी गाडी बगतो.”

तेव्हा माझ्याकडे दोन गाड्या होत्या. एक लाल, शर्यतीच्या घाटाची. हँडल खाली, टाकी फुगीर, चालवणारा पोटावर झोपल्यासारखा वाकलेला. मागची सीट पुढच्यापेक्षा वीतभर उंच आणि पाटाएवढी चिंचोळी. दुसरी राखाडी, लांबच्या प्रवासाची. हँडल उंच, सीट गादीसारखी रुंद, मागच्या माणसाला टेकायला पाठ, दोन्ही बाजूंना सामानाचे डबे. तिचा आधीचा मालक पुण्याचा. लडाखला जायचं म्हणून त्याने घेतली होती, माळशेज घाटापर्यंत गेला होता.

मापाडी आधी लाल गाडीवर बसले. वाकले. बराच वेळ तसेच राहिले. वय साठीचं, डोक्यावर टोपी, पायात पायतण, आणि तोंडावर असा भाव, की मला दुसरीकडे बघावं लागलं.

“हिच्यावर मी धा किलोनं कमी भरतो,” ते हळूच म्हणाले.

मग राखाडीवर बसले. “ही बरी हाये,” म्हणाले. कुणी स्थळाबद्दल म्हणावं तसं.

पुढच्या गुरुवारी ते रिक्षातून एक पोतं घेऊन आले. जाळीच्या गोणीत कांदे होते आणि गोणीने शर्ट खरवडतो म्हणून वरून बायकोची जुनी शाल गुंडाळलेली.

“हे काय?” मी विचारलं.

“मंडळी,” ते म्हणाले. “बराबर वजन करून आनलीय. कांदा मागंपुडं व्हनार न्हाई.”

पोतं लाल गाडीच्या मागच्या सीटवर चढवलं. लांबून बघणाऱ्याला थंडी वाजणारी बाई वाटावी. मी दोरी आणली तर त्यांनी हात आडवा केला. “बांदून कसं चालंल, ताई? ती काय बांदून घेनार हाये?” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी दोरी ठेवून दिली.

निघाले. पोतं पुढे कललं आणि त्यांच्या पाठीला टेकलं. “चिटकून बसलीय!” असं ओरडून मापाडी चौकाकडे गेले. मी दुकानाच्या दारात उभी राहून बघत होते. मान थोडी मागे वळवून ते पोत्याशी बोलत होते, हे मला तिथूनही दिसलं. चौकाच्या अलीकडच्या गतिरोधकावर गाडी उडाली, पोतं उडालं, गाडी खाली आली आणि गेली. पोतं रस्त्यात.

“अवो, वहिनी पडल्या! वहिनी!” उसाच्या रसवाल्याने बोंब ठोकली. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक मारला, त्याच्यामागे नाशिककडची सगळी वाहतूक थांबली. एक बाई पाण्याची बाटली घेऊन धावली, पोत्याशेजारी बसली, धीर देत तिने शाल बाजूला केली आणि किंचाळली. कांदे चौकभर झाले.

मापाडी तोवर दिसेनासे झाले होते. मी शाल उचलून आणली. बऱ्याच वेळाने ते उलट्या दिशेने आले. गर्दी बघून त्यांनी गाडी कडेला लावली आणि एकाला विचारलं, “काय झालं वो? कुनाचं काय पडलं?”

“एका येड्याची बायकू पडली, राव,” तो म्हणाला. “आन् बगतो तर निस्ते कांदे!”

तेव्हा मापाड्यांनी मागे हात नेला.

दुकानात येऊन ते स्टुलावर बसले. मी चहा दिला. त्यांनी तो तोलला नाही, हे माझ्या लक्षात आलं. “परत कळलं न्हाई, ताई,” एवढंच म्हणाले. लाल गाडीकडे त्यांनी पुन्हा बघितलं नाही. मी कुणाचं सांत्वन करत बसत नाही, दुकान चालवायचं असतं. नवीन कांदे मागवले आणि पोतं राखाडी गाडीवर चढवलं.

राखाडी गाडीवर पोतं सावकारासारखं बसलं. मागे टेकून, दोन्ही बाजूंनी रेलून. मापाडी बोरीपर्यंत जाऊन सगळे गतिरोधक मुद्दाम जोरात घेऊन आले, तरी हललं नाही. परत यायला मात्र संध्याकाळ झाली, कारण थोड्या थोड्या अंतरावर ते “हायेस ना?” असं विचारत होते आणि पोतं उत्तर देत नसल्यामुळे दर वेळी उतरून हात लावून बघत होते.

“ठरलं,” ते म्हणाले. “हीच घ्यायची.” आवाजात आनंद नव्हता, पण खात्री होती. मलाही पटलं. तुम्हालाही पटलं असतं. एक गाडी बायको पाडते, दुसरी पाडत नाही, आणि हे डोळ्यांदेखत सिद्ध झालेलं. यात विचार करण्यासारखं काय होतं?

आठवड्याने वहिनी आल्या. अर्थात वडापच्या जीपने. मापाडी मोपेडवरून मागोमाग. काटक बाई, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत आलेली नऊवारी, काष्टा घट्ट. माझ्याकडे बघून मान हलवली आणि थेट राखाडी गाडीवर दोन्हीकडे पाय टाकून बसल्या. मागे टेकल्या. नवरा पुढे बसला. बाईंनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

“कसं वाटतंय?” मापाड्यांनी विचारलं.

“खुर्चीत बसल्यावानी.”

“मंग?”

“मंग काय? समोर तुमचा शर्टच हाये. तीस वर्सं ह्या शर्टाचं कापड बगितलंय मी. कुटं चाललोय ते पोचल्यावर कळायचं.” त्या उतरल्या. “ती तांबडी कुनाची?”

“ती न्हाई!” मापाडी जवळजवळ ओरडले. “तिच्यावरनं पोतं पडलं!”

“कसलं पोतं?”

मापाडी टोपी नीट करायला लागले. मग मीच सांगितलं, कारण कुणीतरी सांगायला हवं होतं. कांदे, शाल, चौक, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं. शालीचं ऐकल्यावर फक्त नवऱ्याकडे एकदा बघितलं.

“मी काय पोतं हाये?” त्या म्हणाल्या.

आणि तांबडीकडे चालू लागल्या.

मी स्टूल दिलं. त्या लाल गाडीच्या मागच्या उंच सीटवर चढल्या. मापाडी पुढे बसले, हँडल खाली असल्यामुळे वाकले, आणि त्यांची टोपी बाईंच्या छातीच्याही खाली गेली. बाईंनी मान उंचावली. चौक, उड्डाणपुलाचे खांब, जुन्नरकडे वळणारा रस्ता, लांबवरचे डोंगर. एकेक करून त्यांनी सगळं बघून घेतलं.

“हिथनं समदं दिसतंय,” शेवटी म्हणाल्या.

“अगं पन पडशील! लई चिंचोळं हाये ते!”

“सपीड-बरेकर येतोय ते दिसलं तर मी धरीन ना! त्या दिवशी दिसला आसता तर धरलं नसतं व्हय? तुमाला दिसत व्हता, तुमी दांडा धरला. मला कोन सांगनार? तुमी तर भांडनाची गोष्ट सांगत व्हता.”

आम्ही पोत्याचं वजन बरोबर केलं, त्याला शाल घातली, त्याला बांधलं नाही, त्याच्याशी गप्पा मारल्या. पोत्याला पुढचा रस्ता बघायचा नसतो आणि बायकोला बघायचा असतो, हे मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मापाड्यांनी गाडी सुरू केली, पण क्लच सोडेनात. मी सीटच्या मागे दोन्ही हात पसरून उभी राहिले. त्याचा काय उपयोग होणार होता, कुणास ठाऊक. “निगा आता,” बाई म्हणाल्या. “पुडं बरेकर हाये. मी सांगते.” गाडी माणसाच्या चालीने निघाली. चौकाच्या अलीकडे बाईंनी दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर घट्ट रोवले. गाडी चढली, उतरली. बाई जागेवर होत्या. रसवाला उभा राहून बघत होता, त्याने उगाचच टाळ्या वाजवल्या.

आता मार्केटात इलेक्ट्रॉनिक काटा आहे. आकडा लाल अक्षरांत आपोआप उमटतो, पुकारावा लागत नाही. मापाडी बायकोच्या माहेरी डोंगरात असतात. माझ्या दुकानात आता येणाऱ्याला त्याचं वजन कुणी सांगत नाही आणि धंदा त्यामुळे सुधारलेला नाही.

दिवाळीनंतर मी घोडेगावला कामाला गेले होते. परत येताना एका चढावर पुढे लाल गाडी दिसली. ताशी शंभर-सव्वाशे जाणारी ती गाडी बैलगाडीच्या वेगाने चालली होती. वाकलेला म्हातारा, आणि त्याच्या वर, हत्तीवरच्या अंबारीत बसावी तशी ताठ बसलेली बाई. तिचा डावा हात त्याच्या डोक्यावरून पुढे यायचा, बोटाने खड्डा दाखवायचा आणि गाडी निमूट बाजूने जायची.

मी हॉर्न दिला. गाडी बाजूला होईना. मग बाईंनी समोरचं वळण नीट बघून घेतलं, काही येत नाही याची खात्री केली आणि मागे न बघता, उजव्या हाताने मला पुढे जायची खूण केली.

मी गेले.