पालथ्या घंगाळावरचं नाव

घोडनदीच्या बाजारात पाशाभाईंना सगळ्या तालुक्याची नावं ठाऊक होती आणि पाशाभाईंचं नाव मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. भांड्यांवर नावं घालायचा त्यांचा धंदा. मांडीवर हंडा आडवा घ्यायचा, डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात वीतभर दांड्याची हातोडी, आणि ठिपक्याला ठिपका लावत अक्षर उमटवायचं. एकोणीसशे अठ्ठावन्नचं साल होतं. लग्नात आहेर म्हणजे तांब्या-पितळेची भांडी, आणि भांड्यावर देणाऱ्याचं नाव नसेल तर तो आहेर दिला काय नि न दिला काय! सोयरेधायरे पुढची वीस वर्षं ती नावं वाचत बसायचे.

पाशाभाईंचं अक्षर टपोरं, दाणेदार. पण ते बसायचे कुठे, तर भिमाजीशेठच्या भांड्यांच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे, गोणपाटावर. दुकानाच्या ओट्यावर लग्नसराईत पुण्याचा एक कारागीर यायचा. इस्त्रीचा सदरा, डोळ्याला चष्मा, शेजारी रंगवलेली पाटी. त्याची अक्षरं ताडी प्यायल्यासारखी एका अंगाला कलायची, पण पुण्याची म्हटल्यावर तीही लोकांना झोकदार वाटायची. आपल्याकडे दुरून आलेल्या माणसाचं खोकणंसुद्धा शास्त्रोक्त असतं.

"पाशाभाई, हात तुमचा चांगला हाय," भिमाजीशेठ म्हणायचे. "पर गिऱ्हाईक नावाला भुलतं. तुमास्नी येशीच्या भाईर कोण वळखतं?"

हे बोलणं पाशाभाईंना लागायचं, कारण ते खरं होतं. गोणपाटावरच्या कमाईत घर चालेना. त्यांच्या बायकोनं, मुमताजनं, शेवटचं सांगून टाकलं होतं, "ही सराई बघा. न्हाई जमलं तर दौंडला माझ्या भावाकडं जायाचं. त्यानं इंजनच्या शेडात कोळसा वढायचं काम बघून ठेवलंय." पाशाभाईंना कामाची लाज नव्हती. पण कोळशाचं फावडं वर्षभर चालवलेल्या बोटांत छिन्नी परत नीट बसत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. एकदा दौंडला गेलो की ही कला संपली, या विचारानं त्यांना जेवण गोड लागेना.

मग पाशाभाईंनी स्वतःचं नाव करायचं मनावर घेतलं. पाटी रंगवायला पैसे नव्हते, पण छिन्नी होती आणि वेळ तर भरपूर होता. एसटीच्या कंडक्टरचा जेवणाचा डबा, दूधवाल्याची किटली, स्टँडवरच्या चहावाल्याची भली मोठी पितळी केटली, जे म्हणून गावोगाव फिरतं किंवा चारचौघांच्या नजरेला पडतं, त्यावर त्यांनी मालकाचं नाव फुकट घालून दिलं. आणि कोपऱ्यात आपलं: "पाशा, घोडनदी". एवढंच. आणखी चार अक्षरं घालायला जागा कुठे होती?

पंधरा दिवसांत परिणाम दिसला. स्टँडवरची परगावची माणसं चहावाल्यालाच "ओ पाशाभाई, दोन कप द्या" म्हणू लागली.

मुमताज पोट धरून हसली. "आता तुमच्या नावावर त्येचा चहा खपतोय!" शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. पण नावाची हौस एकदा अंगात शिरली की शहाणपण दाराबाहेर चपलांपाशी बसतं.

वैशाखात मात्र देव पावला. पुण्याचा कारागीर नगरच्या एका दुकानात अडकला, आणि कासुर्डीच्या बापूसाहेबांच्या लेकीचं लग्न चार दिवसांवर आलं. नवरीचा मामा घोडनदीचा. म्हस्कूमामा म्हणजे बाजारातली बडी असामी. मिशी अशी की आधी मिशी वळणावर दिसायची आणि मागून मामा. मामांनी स्वतःचा आणि गावातल्या पाहुण्यांचा मिळून एक्केचाळीस भांड्यांचा आहेर भिमाजीशेठकडून घेतला होता.

"हे काम नीट पार पाडा," शेठ म्हणाले, "मंग वटा तुमचा. कायमचा."

चार दिवस पाशाभाईंनी मान वर केली नाही. प्रत्येक भांड्याच्या गळ्यावर, गळा नसेल तिथे काठावर, देणाऱ्याचं नाव असं घातलं की मोती ओवावेत. आणि प्रत्येकाच्या बुडावर, चांगल्या ठसठशीत अक्षरात, "पाशा, घोडनदी". हिशेब सरळ होता. गळा पाहुणे बघतात, पण भांडं घासणारी बाई रोज बूड बघते, आणि गावातली बातमी नेते कोण? तीच.

भांडी सांभाळायला शेठनी पाशाभाईंनाच गाडीबरोबर कासुर्डीला धाडलं.

अक्षता पडल्या आणि आहेर पुकारायची वेळ आली. मांडवात सतरंजीवर भांडी रचली होती, आणि चकाकी दिसावी म्हणून सगळी पालथी. माईक होता पोपटरावांच्या हातात. गावात कर्णा पहिल्यांदाच आला होता आणि पोपटरावांना माईक पहिल्यांदाच मिळाला होता, त्यामुळे आवाज सुटला आणि डोकं मागे राहिलं. समोर जे अक्षर दिसेल ते ते वाचू लागले.

"पाशा, घोडनदी यांजकडून पितळी हंडा एक!"

खांबाजवळ उभ्या पाशाभाईंना आपलं नाव कर्ण्यातून ऐकून आधी गुदगुल्या झाल्या. मग पुढच्या चाळीस भांड्यांच्या बुडांवर काय आहे ते आठवलं.

"पाशा, घोडनदी यांजकडून कळशी एक! पाशा, घोडनदी यांजकडून परात एक!"

दहाव्या भांड्याला बायका विचारू लागल्या की हा पाशा कोण दानशूर. विसाव्याला ज्यांनी खरा आहेर केला होता ते पाहुणे उठून उभे राहिले. पोपटराव रंगात आले होते; ते कुणाचं ऐकतात! आणि शेवटी सगळ्यांत मोठं, तांब्याचं घंगाळ. म्हणजे खास मामाचा आहेर.

"पाशा, घोडनदी यांजकडून घंगाळ एक!"

म्हस्कूमामांनी माईक हिसकावला. "माज्या भाचीला घंगाळ देणारा ह्यो पाशा कोण? फुडं या!"

पळून जावं असं पाशाभाईंना वाटलं. खरंच वाटलं. पण पाय पुढेच गेले. मान खाली घालून ते म्हणाले, "मी पाशा. नावं मीच घातली. तुमची नावं गळ्यावर हायती, मामा. बुडावर माजं घातलं, लोकांनी वळखावं म्हनून. चुकलं माजं."

मांडव खदखदून हसला. मामा हसले नाहीत. "पुसा! एकूनएक पुसा. न्हाईतर ही भांडी परत न्या, आन् उद्यापास्नं घोडनदीत छिन्नी धरायची न्हाई."

पुसायचं कसं? तांब्यावरचं अक्षर खरवडलं तर पत्रा पातळ होतो, ठोकून बसवलं तर पोचा येतो, आणि पोचा आलेलं भांडं नवरीच्या हाती कोण देणार? पाशाभाईंनी घंगाळावर हात फिरवला. दौंडची शेड, कोळशाचा ढीग, सगळं डोळ्यांसमोर आलं. मग त्यांनी खांद्यावरची छिन्नी-हातोडीची पिशवी उतरवली आणि मांडवातच मांडी घातली.

"पुसता येत न्हाई, मामा. झाकता येईल."

पहिला घाव "पा"च्या कान्यावर पडला. काना खाली वळला आणि त्याचा देठ झाला. "श"च्या गाठीत कळी बसली. वरच्या रेघेला बाक आला, तिला तणावे फुटले, "घो"चं पोट पान होऊन उलटलं. ठिपक्यामागून ठिपका पडत गेला, आणि बघता बघता घंगाळाच्या बुडावर एक वेल गोल फिरून स्वतःच्याच शेंड्याला येऊन भिडली. पाशाभाईंनी आजवर कधी वेल काढली नव्हती. नावांखेरीज त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

हसणं केव्हाच थांबलं होतं. घोडनदीत दिलेली नवरीची आत्या भामाबाई पुढे वाकून बघत होती. "अगं बया! ही तर जितीजागती हाय," ती म्हणाली. "माज्या कळशीवर बी आसलीच काढा."

"आदी माज्या परातीवर," मागून दुसरी ओरडली.

पंगती उठल्या, पुन्हा बसल्या, पाशाभाई जागचे हलले नाहीत. रात्र चढेपर्यंत, बत्तीच्या उजेडात, एक्केचाळीस वेली झाल्या. पोपटरावांनी पुन्हा माईक घेतला आणि या वेळी गळे वाचत आहेर पुकारला. शेवटी कुणी न सांगता म्हणाले, "आन् ह्या समद्या येली पाशाभाई घोडनदीकरांच्या हातच्या!" मांडवानं टाळ्या वाजवल्या. पाशाभाईंनी डोळे पुसले, आणि कुणी पाहिलं तरी त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

ज्येष्ठात ते ओट्यावर बसले. पाबळपासून दौंडपर्यंतची गिऱ्हाइकं वेल मागत येऊ लागली. पाशाभाई आधी बुडावर आपलं नाव घालायचे आणि मग त्याचीच वेल करायचे. पुण्याच्या कारागिरानं हे ऐकलं आणि शेजारच्या दुकानात बसून वेली काढायला सुरुवात केली, त्याही कमी पैशांत. पाशाभाईंचा जीव पुन्हा टांगणीला लागला.

पण लोक फसेनात. बिंग फोडलं भामाबाईनं. पाठराखीण म्हणून भाचीच्या सासरी गेली असता राखेनं तिची भांडी घासताना तिच्या बोटांना कळलं होतं की पाशाभाईंचं प्रत्येक पान जरा वळलेलं असतं, कारण त्याच्या पोटात एक अक्षर असतं. पुण्याची पानं नुसती सपाट. तिनं हे विहिरीवर सांगितलं. मग ते तालुकाभर पोचायला किती वेळ लागतो!

पुढच्या सराईला म्हस्कूमामा स्वतःच्या लेकीचा आहेर घेऊन ओट्यावर आले. मागच्या अनुभवानं शहाणे झालेले पाशाभाई मामांच्या घंगाळावर मात्र नाव न घालता नुसतीच वेल काढायला लागले, तशी मामांनी त्यांचा हात धरला.

"तसं न्हाई, पाशाभाई. आदी तुमचं नाव घाला. मोठं घाला. मंग येल. त्याबिगर माजी लेक घंगाळ घ्यायाची न्हाई."

पाशाभाईंनी छिन्नी टेकवली. मामा मिशी सावरत वाकले आणि शेवटचं अक्षर उमटेपर्यंत हलले नाहीत.