रमेशच्या हातातली पाटी

कोलोनच्या संग्रहालयात तनयने रमेशच्या हातात नंबराची पाटी दिली, त्याला उंची मोजायच्या रेघांसमोर उभं केलं आणि पडद्यावरचं हिरवं बटण स्वतःच दाबून टाकलं. बटणं दाबायला तनयला कुणी शिकवावं लागत नाही. बटणाखालचा मजकूर वाचायला लागतं. मजकूर असा होता, की फोटो समोरच्या भिंतीवर झळकेल. तसा तो झळकला. शंभरेक वर्षांपूर्वी पोलिसांनी टिपलेले खिसेकापू, कोंबडीचोर, सायकलचोर, आणि त्यांच्या मधोमध कायझर्सलाउटर्नला पीएचडी करणारा सोलापूरचा रमेश जाधव.

"भारी दिसतोयस. जन्मजात चोर," तनय म्हणाला.

"काढ ते."

"अरे, गंमत आहे."

"तुझी. माझ्या पणजोबाला सरकारनं जन्मजातच ठरवलेलं."

रमेशचं घर सोलापूरच्या सेटलमेंटमधलं. इंग्रजांनी अख्खी कैकाडी जमात गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात कोंडली होती. पणजोबांनी कुणाची सुई उचलली नव्हती, तरी रोज हजेरी. बाहेर पडायचं तर पास. त्यांचा एक फोटो घरात नाही, बोटांचे ठसे मात्र सरकारजमा. जर्मनीच्या व्हिसासाठी रमेशने दहाही बोटं काचेवर टेकवली, त्या दिवशी वडील जेवले नव्हते. हे तनयला ठाऊक नव्हतं. त्याने विचारलंच कुठे? आडनाव ऐकून 'जाधव म्हणजे आपलेच' असं ठरवून तो मोकळा झाला होता.

काउंटरवरच्या बाई शांत होत्या. "हे बघा, संध्याकाळी आपोआप पुसलं जातं."

"आत्ता पुसा."

"तशी पद्धत नाही."

"भिंतीवरच्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी जिवंत आहे, मला विचारा."

आणि तो रेघांसमोर जाऊन बसला, खाली, मांडी घालून. आता कुणाचाच फोटो निघेना. मागे रांग तुंबली, पोरं कुरकुरली, एका बापाने घड्याळ पाहून सुस्कारा सोडला. रमेशचे कान लाल झाले होते, पण तो हलला नाही. शेवटी बाईंनी पासवर्ड टाकला. भिंतीवर त्याच्या जागी काळा चौकोन उरला, तेव्हा कुठे तो उठला.

तनय बाईंना तीनदा 'एन्टशुल्डिगुंग', म्हणजे माफ करा, म्हणाला. स्टेशनवर रमेशला म्हणाला, "चल, कॉफी पाजतो."

"कॉफी नको."

"मग काय हवंय बाबा?"

"बाईंना म्हणालास ना, तेच. मराठीत."

तनय प्लॅटफॉर्मवरची सूचना वाचू लागला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, अगदी मन लावून. मानहाइमला गाडी बदलली, तरी तनयकडे रमेशची ती उधारी बाकीच होती.