हवावाल्याचा बैल

ओन्वुबिको कधी स्वस्थ बसलाच नाही. न्नेवीच्या रस्त्यावर त्याचं टायर-पंक्चरचं दुकान, त्याला लागून माझं नटबोल्टचं. गिऱ्हाईक नसलं की हा उठायचा, बसायचा, कंप्रेसर उगाच चालू-बंद करायचा. नुसत्या कानाने पंक्चर शोधणारा असा कारागीर अख्ख्या रस्त्यावर नव्हता. पण सासुरवाडीला त्याचं काय? मेव्हणा ओकेझी चारचौघांत म्हणायचा, "आमचे थोरले जावई मोटारी विकतात, धाकटे हवा विकतात!" पाहुण्यांत मानाच्या कोला-बियांची बशी फिरली की ओन्वुबिकोपर्यंत सगळ्यात शेवटी पोचायची, आणि तिच्यात उरलेला चुरा असायचा.

मग सासरा वारला. आमच्याकडे सासऱ्याच्या अंत्यविधीला जावयाने वाजतगाजत बैल न्यायचा असतो. बकरा नेला तर लोक ते नातवंडांच्या लग्नातही उकरून काढतात. थोरला साडू आझुबुइके बैल नेणार हे गावभर झालं होतं.

"तू आपला बकरा ने," मी म्हटलं. "अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"आणि उलोमाने बहिणींत मान खाली घालून बसायचं? बायकोचा मान राखता येत नाही तो कसला पुरुष रे?"

आठवडाभर तो बैलांचे भाव विचारत फिरला. मग त्याने युक्ती शोधली. गुरांच्या बाजारातला एक व्यापारी बैल भाड्याने द्यायचा. मिरवायचा, मागल्या वाटेने परत धाडायचा, आणि घरच्यांना 'मी कापून पाठवतो' असं सांगून बाजारातलं मांस द्यायचं. मला हे मुळीच पटलं नव्हतं, तरी दोर धरायला गेलो. मित्र म्हटला की त्याच्या मूर्खपणातही वाटा घ्यावा लागतो.

आझुबुइकेची मिरवणूक सकाळीच आत गेली. आम्ही ढोलवाले आणि नाचणारे घेऊन कोपऱ्यावर उभे, आणि बैलाचा पत्ता नाही! ओन्वुबिको येरझारा घालून घामाघूम झाला. भर दुपारी व्यापाऱ्याचा गडी धापा टाकत बैल घेऊन आला. पांढरा, उंचापुरा, एका शिंगाचं टोक तुटलेलं.

अंगणात शिरलो आणि बैलाने मला ओढतच नेलं, थेट आंब्याखालच्या पाण्याच्या पिंपापाशी. घरचा असल्यासारखा तोंड घालून प्यायला लागला. ढोल थांबले.

"अरे, हा तर थोरल्या दाजींचा बैल!" ओकेझी ओरडला. "हे तुटकं शिंग सकाळी मी स्वतः कुरवाळलंय. काय जावईबापू, मागच्या दाराने ढापलात होय?"

मी आझुबुइकेकडे पाहिलं. लाल टोपीतला तो भारदस्त माणूस जमिनीकडे बघत गप्प उभा होता. तेव्हा मला उमगलं, ओन्वुबिकोलाही. दोन्ही जावयांनी एकाच व्यापाऱ्याकडून एकच बैल भाड्याने आणला होता, आणि थोरला धाकट्याला खुशाल चोर ठरू देत होता. माझं डोकं फिरलं.

"सांग ना सगळ्यांना!" मी ओन्वुबिकोच्या कानाशी म्हणालो.

तो बायकांच्या रांगेतल्या उलोमाकडे बघत होता.

"चोरला नाही," तो म्हणाला. "भाड्याने आणलाय. मला बैल परवडत नाही. माझी ऐपत बकऱ्याची, तोच आणायला हवा होता."

साडूचं नाव त्याने घेतलं नाही. अंगणभर हशा पिकला. ओकेझी तर मांडीवर थापा मारत होता. सासूबाईंनी हात वर केला तेव्हा कुठे लोक गप्प झाले. म्हातारीने तुटक्या शिंगाकडे पाहिलं, मग थोरल्या जावयाकडे.

"हा यांचा भाड्याचा. बरं. मग थोरले जावईबापू, तुमचा सकाळचा बैल कुठाय? आणा बघू, याच्याशेजारी बांधा."

आझुबुइके टोपी काढून झटकत राहिला. जागचा हलला नाही. ओकेझीचं हसू कुठल्या कुठे गेलं.

उलोमा रांगेतून उठली, सगळ्यांच्या देखत नवऱ्यापाशी आली आणि माझ्या हातातला दोर तिने घेतला.

"चला," ती त्याला म्हणाली, "ज्याचा त्याला देऊन येऊ. येताना बकरा आणू."