कफील सुट्टी देत नाही

हे मी आजवर एकाही माणसाजवळ बोललेलो नाही. मक्केत हरमशरीफमध्ये दुआ मागतानासुद्धा या गोष्टीला बगल देऊनच मागितलं — अल्लाला सगळं ठाऊकच असतं, मग आपण कशाला तोंड उघडायचं, असा माझा सोयीचा विचार. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून बहुधा जमेल.

सुरुवात कुठून करावी? गुन्ह्यापासून केली तर पुढचं तुम्ही ऐकायचे नाही. आधी सुखाचं सांगतो. तसंही माझ्या बाबतीत ही दोन वेगळी नाहीत.

मी जेद्दात असतो. बलदमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, एका दुकानात काम करतो — यात्रेकरूंची इहरामची कापडं, नमाज पढायची जानमाज, जपाची तसबीह असला माल. राहायला अझीझियात. खोलीत मी आणि इब्राहीमभाई. ते कोकणातल्या आमच्याच खाडीच्या पलीकडच्या गावचे, वयाने मोठे, घोरणारे, पण माणूस लाखात एक. खोलीला एसी आहे, खिडकी आहे, खिडकीबाहेर कडुनिंब आहे. शुक्रवारी सकाळी दुकान बंद. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजानंतर मी खाली उतरतो तेव्हा रस्ता रिकामा असतो आणि कोपऱ्यावरचा अफगाणी तंदूरमधून पहिली तमीस रोटी काढत असतो. कागदात गुंडाळलेली ती रोटी छातीशी धरून मी घरी येतो. एवढी मोठी आणि एवढी गरम की दोन्ही हात लागतात. मलई, मध, ती रोटी — आणि समोर कडुनिंबावर चिमण्यांची भांडणं. जुम्याची नमाज झाली की आम्ही मासळी बाजारात जातो. नाजिल नावाचा मासा मिळतो इथे, आपल्या हेकरूचा भाऊबंदच. तिथेच साफ करून तळून देतात. तळणारा मला ओळखतो, न सांगता मिरची जास्त लावतो. खाऊन झालं की झोप. संध्याकाळी समुद्रावर.

एवढंच. यात लपवण्यासारखं काय आहे, असंच म्हणाल ना? मी लपवलं. हे सगळं — रोटी, चिमण्या, मासा, झोप — एखाद्याने दुसरा संसार लपवावा तसं मी माझ्या बायकोपासून लपवलं.

तिचं नाव रुकय्या. तिच्याबद्दल नीट सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. बारीकसारीक गोष्टींत रमायची कला माझ्यात नव्हती. आमच्या घरात बाप, भाऊ, मी — सगळे कायम कपाळाला आठ्या घालून फिरणारे. रुकय्या लग्न होऊन आली ती हसत आली. बाजारातून येताना जेटीवर उगाच थांबायची, भरती कुठवर आली ते बघायला. सुरंगीच्या दिवसांत पहाटे झाडाखाली जाऊन कळ्या वेचून आणायची, त्यांचे वळेसर गुंफायची, अर्धे शेजारणींना वाटायची. कोळीण आली की पापलेट हातात घेऊन त्याच्याकडे अशी बघायची की कोळीण म्हणायची, "घे बाय आता, नजर लागल त्याला." फणसाच्या रसाची सांदणं वाफवताना झाकण पुन्हा पुन्हा उघडून वास घ्यायची आणि दर वेळी मला हाक मारायची — "या ना, वास बघा." मी चिडायचो. वास काय बघायचा? पण जायचो. आयुष्यात काय काय गोड असतं ते मला तिने शिकवलं. दुसरं कुणी नाही.

पहिलं वर्ष इथे खरंच वाईट गेलं. तेव्हा मी दुसऱ्या मालकाकडे गोदामात होतो. पत्र्याचं छप्पर, एका खोलीत नऊजण, रोज डाळ आणि जाड भात. रुकय्या फोनवर विचारायची, "आज काय खाल्लात?" मी म्हणायचो, "डाळ." खोटं काही नव्हतं. तिचा आवाज बारीक व्हायचा आणि मला — आता सांगतोच आहे तर सगळं सांगतो — मला ते बरं वाटायचं. गावातही माझी किंमत वाढली होती. भाऊ, ज्याने कधी सरळ तोंडाने विचारलं नाही, तोसुद्धा म्हणायचा, बिचारा परदेसात हाल काढतोय. बिचाऱ्या माणसाकडून कुणाची काही अपेक्षा नसते. छप्पर गळतंय, वाटणी अडलीय, यातलं त्याच्यापर्यंत काही पोचत नाही.

मग मालक बदलला. आत्ताचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा आहे तो मालक, जेद्दाचाच जुना रहिवासी, म्हातारा, मऊ स्वभावाचा. मला "या अखी", म्हणजे भावा, म्हणून हाक मारतो. खोली बदलली, दिवस पालटले, शुक्रवार आले. फोनवर रुकय्याने विचारलं, "आज काय खाल्लात?" आणि मी नाजिलचा काटा दातातून काढत म्हणालो, "डाळ."

का? मला तेव्हाही कळलं नाही. जीभ सरावली होती, एवढंच म्हणता येईल. पण जिभेवर ढकलून मोकळं होता येतं का?

पुढच्या वर्षी सुट्टी आली. कफीलने स्वतः होऊन विचारलं, गावी कधी जातोस, तिकीट काढू का. मी म्हणालो, बघतो. आणि घरी फोन करून सांगितलं — कफील सुट्टी देत नाही.

आमच्या बाजूला या चार शब्दांना मयताच्या बातमीसारखा मान आहे. कुणी उलटतपासणी घेत नाही. अरबस्तानात माणूस असलेल्या प्रत्येक घरात ते शब्द कधी ना कधी येतात, आणि आले की बायका पदर डोळ्याला लावतात, पुरुष मान हलवतात. बहुतेक वेळा ते खरेही असतात. कित्येकांचे पासपोर्ट अडकलेले मी बघितलेत, आई गेली तरी जाता न आलेले बघितलेत. त्यांचे शब्द मी उचलले आणि वापरले. सुट्टी मी घेतली. ती इथेच घालवली. सकाळी उशिरा उठलो, दुपारी बलदच्या जुन्या घरांच्या सावलीत मांजरं बघत बसलो, संध्याकाळी दर्यावर पाय सोडून. माझ्या आयुष्यातला तो फार चांगला महिना होता. त्याच महिन्यात तिकडे रुकय्या नमाजानंतर हात पसरून मागत होती की अल्ला, त्या कफीलचं काळीज नरम कर. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच; ज्या कफीलचं खात होतो त्यालाच मी तिच्या नजरेत कठोर ठरवलं.

नंतर ते शब्द मी पुन्हा वापरले. किती वेळा ते राहू दे. मध्ये मध्ये गेलोही गावी, थकल्यासारखा चेहरा करून. तो चेहराही जमतो हळूहळू.

एकदा मुलीचा फोन आला. शबनम तेव्हा शाळेत होती. तक्रार करत होती — "अब्बा, अम्मी घरात पापलेट आणतच नाय. म्हणते, ते तिथं डाळ खातात, आपल्या घशाखाली कसं उतरल?" मग हळूहळू तिच्याकडून एकेक कळत गेलं. सांदणं बंद होती. सुरंगी वेचणं बंद होतं. शेजारणी बोलवायला आल्या तर अम्मी म्हणते, ते आले का मग. जेटीवर थांबत नाही, बाजारातून सरळ घरी येते.

त्या दिवशी मला सगळं सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. हसण्यावारीसुद्धा नेता आलं असतं — अगं, मी रोज मासे खातो, तू कुठली वेडी! ती चार दिवस रागावली असती आणि पाचव्या दिवशी सांदणं वाफवली असती. मी काय केलं? मी आवाज जड करून शबनमला म्हणालो, "तिला सांग, माझ्यासाठी असं करू नकोस." केवढा मोठेपणा! त्यानंतर तिने कढीपत्त्याची फोडणीसुद्धा कमी केली असेल.

पण खरी गोष्ट अजून पुढेच आहे. इथवर तुम्ही कदाचित म्हणाल, होतं असं, माणूस एका खोट्यात अडकतो. मीही स्वतःला तसंच समजावलं होतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत.

दोन वर्षांपूर्वी रुकय्या उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला आली. गावच्या बायका-माणसांच्या ग्रुपबरोबर, शबनमचं लग्न झाल्यानंतर. मला ती आधीपासून विचारत होती, मी येऊ का बघायला? मी म्हणायचो, इथे बायकांनी येण्यासारखं नाही. या वेळी तिने विचारलं नाही, सरळ कळवलं. कफीलला कळलं तेव्हा तो खूश झाला. म्हणाला, आठवडाभर दुकानात तोंड दाखवू नकोस, माझी गाडी ने, तिला समुद्र दाखव, एक दुपार आमच्याकडे जेवायला घेऊन ये, माझ्या बायकोने सांगितलंय. इब्राहीमभाईंनीही खोली झाडून ठेवली, मटण आणतो म्हणाले. मी कफीलला सांगितलं की तिची तब्येत बरी नाही. इब्राहीमभाईंना सांगितलं की ग्रुप तिला सोडत नाही. रुकय्याला सांगितलं की कफीलने एकच दिवस दिलाय.

त्या एका दिवशी मी तिला मक्केहून जेद्दाला आणलं. तिला माझी खोली बघायची होती. आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत माल चढवणाऱ्या मजुरांची एक खोली आहे. एकावर एक लोखंडी खाटा, एक बल्ब, कोपऱ्यात स्टोव्ह. मजूर कामावर गेले होते, चावी मी आधीच मागून घेतली होती. आणि आदल्या दिवशी तिथे जाऊन माझा एक शर्ट आणि लुंगी खिळ्याला टांगून आलो होतो. दाढीचं सामान खिडकीत ठेवलं होतं. माझ्या लग्नातसुद्धा मी इतकी तयारी केली नव्हती.

ती दारात उभी राहिली. मग आत येऊन खाटेच्या कडेवर बसली, उठली, केरसुणी शोधली आणि झाडायला लागली. मी नको म्हणालो नाही. तिने स्टोव्ह पुसला. पातेलं घासलं. खाटेवरची उशी हाताने झोडून, अभ्रा ताणून, नीट ठेवली. ती उशी कुणाची होती, मला आजही माहीत नाही.

दुपारी आम्ही तिथेच जेवलो. डाळ मी आधीच बाहेरून आणून दुसऱ्या पातेल्यात ओतून ठेवली होती, घरची वाटावी म्हणून. तिने खाली मान घालून खाल्ली. निघताना म्हणाली, "इथं दर्या हाय ना जवळ? आत येताना वास आला मला."

टॅक्सीने जेमतेम दहा मिनिटं. मावळतीला पाणी तांबूस होतं तिथे, फिरायला आलेली कुटुंबं चटया पसरून बसतात, पोरं सायकली चालवतात. कणीस भाजणारा मला लांबूनच हात करतो. तो हात करील, आणि त्याच्याकडे बघून माझ्या तोंडावर हसू येईल, याची मला भीती वाटली. चोराच्या मनात चांदणं. आयुष्यभर भरती बघायला थांबलेल्या बाईला मी म्हणालो, "लांब हाय. वेळ नाय व्हायचा."

ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुमाला तरी कुठं मिळतंय बघायला."

तिला बसमध्ये बसवलं. कफीलने तिच्यासाठी खजुरांचा डबा आणि अत्तर दिलं होतं, ते मी दिलं — कुणाकडून ते न सांगता. बस गेल्यावर मी मोकळा श्वास घेतला. हो, आनंद झाला मला. पार पडलं म्हणून.

मी भित्रा होतो असं म्हणणं सोपं आहे, पण भित्रा माणूस खिळ्याला लुंगी टांगायला आदल्या दिवशी जात नाही. मला माझे शुक्रवार एकट्याला हवे होते. ते तिच्याकडूनच शिकलेले होते आणि तिला त्यातला घासभर वाटा द्यायचा नव्हता — याला काय म्हणतात ते तुम्हीच ठरवा. मी शब्द शोधला, मला सापडले ते सगळे सौम्य निघाले.

गावी परतल्यावर तिने सगळ्यांना सांगितलं की मी डोळ्यांनी बघून आले. आता तर कुणाला शंकाच उरली नाही. तिने काय काय आणखी सोडलं ते मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. मधुमेह निघालाय. डॉक्टरांनी फणस बंद सांगितला, आंबा बंद, गूळ बंद, सांदणांचं तर नावच नको. आता सुट्टी घेऊन मी गावी गेलो तरी, सगळं खरं सांगितलं तरी, ते तिला खाता येणार नाही. मी गप्प होतो. तिला वाटलं, मी घाबरलो. माझी समजूत काढायला ती हसली — खूप दिवसांनी — आणि म्हणाली, "मला काय जड नाय जायचं. सवयच हाय."

मी म्हणालो, औषधं वेळेवर घे.

फोन ठेवला तेव्हा इब्राहीमभाई ताटं मांडत होते. मी हात धुतले आणि बसलो. वाटलं होतं, घास उतरणार नाही. उतरला. जेवण गोड लागलं.