धुतलेले रुमाल

मला सांभाळून घेतलं ते नोंदवहीच्या बाईंनी. काय घडलं ते सांगतेच, पण आधी त्या.

बाई शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. आमच्या इतिहास संस्थेत देणगी म्हणून आलेल्या वस्तूंची नोंद त्या हौसेनं करत. मी तिथं झाडझूड करायची. भंडाऱ्याकडची, सातवीत शाळा सुटलेली, लग्न होऊन बिबवेवाडीतल्या एका खोलीत आलेली. तेव्हा घरोघरची मुलं कॉम्प्युटर शिकून परदेशी निघाली होती, जुनी घरं बिल्डरकडे जात होती आणि माळ्यांवरचं सामान आमच्याकडे येत होतं. अडकित्ते, ताम्हनं, कुणाच्या आजोबांची काठी. दुपारी संस्थेतल्या सामानाच्या खोलीत एकटी असले की वाटायचं, सगळं पुणं हळूहळू घर बदलतंय आणि जाता जाता एकेक वस्तू माझ्या हातात देतंय.

एका कुटुंबानं कागदांची नऊ दप्तरं दिली. प्रत्येक दप्तर मांजरपाटाच्या रुमालात बांधलेलं, रुमालाच्या कोपऱ्यावर शाईनं गावाचं नाव. आमच्या गावाकडे परक्या घरचं फडकं धुतल्याशिवाय कपाटात जात नाही. मी नऊही सोडले, कागदांचे गठ्ठे टेबलावर नीट मांडले आणि रुमाल साबणानं धुऊन गच्चीवर वाळत घातले. वाऱ्यावर ते इतके हलके झुलत होते की मी बघतच बसले.

बाई गच्चीच्या दारात येऊन थांबल्या.

"छान. चार पिढ्यांचा मळ काढलास. आता नीळही घाल."

मग त्यांनी समजावलं. नावं पुसट का होईना उरली होती, पण कुठला रुमाल कुठल्या गठ्ठ्याचा, ते गेलं होतं. आतले कागद मोडी लिपीत, वाचणारे एकच गृहस्थ, तेही कधीमधी येणारे. सोमवारी संस्थेचे चिटणीस येणार होते, आणि देणाऱ्या घरचा मुलगा अमेरिकेला जाण्याआधी दप्तरं बघायला येणार होता. नवऱ्याच्या हडपसरच्या कारखान्यात माणसं कमी करत होते. माझंही काम गेलं तर खोली सोडून परत गावी, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

"रडायचं ते सोमवारनंतर," बाई म्हणाल्या. "आधी रुमाल आण."

नाव वाचायला त्यांनी एक रुमाल खिडकीशी धरला. कसरीनं पाडलेल्या भोकांतून ऊन आलं आणि टेबलावर ठिपके सांडले, दिवसाढवळ्या चांदणं पडावं तसे. कागदांनाही तशीच भोकं होती. मी घाबरत म्हटलं, "बाई, किड्याला काय कळतंय, कापड कुठं संपलं नि कागद कुठं लागला? तो आपला सरळ खात गेला असंल."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि हिची शाळा म्हणे सातवीत सुटली."

दोन दिवस आम्ही तेच केलं. त्या रुमाल धरायच्या, मी एकेक गठ्ठा खाली सरकवायची, आणि भोकावर भोक आलं की दोघी थांबायचो. सात जुळले. दोन रुमालांना भोकंच नव्हती.

"अंदाजानं बांधू का?"

"अंदाजानं वरणात मीठ घाल."

नोंदवहीत त्यांनी लिहिलं: रुमाल चुकून धुतले गेले, भोकांवरून सात जुळवले, दोन अनिश्चित. खाली माझी सही घेतली, मग स्वतःची केली.

चिटणीसांनी ते दोनदा वाचलं. "धुतले कुणी?"

"हिनं. पण धुऊ नयेत हे मी हिला सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "म्हणजे चूक माझी. कुणाला काढायचं असेल तर माझ्यापासून सुरुवात करा."

चिटणीसांनी वही मिटून बाईंकडे सरकवली. "यापुढे बादली या खोलीत नको," एवढंच म्हणाले. देणाऱ्या घरचा मुलगाही नोंद वाचून, दप्तरं बघून गेला. मी राहिले. अजून आहे.

बाई आता मुलीकडे असतात. शाळेत शिकवताना धड्यांची तयारी लिहिलेल्या त्यांच्या टाचणवह्या तिथं पलंगाखाली ट्रंकेत आहेत. रद्दीत घाला, म्हणतात. माझं अक्षर अजून धड नाही, ते जरा सुधारलं की त्या वह्या मी संस्थेत आणणार आहे, नोंदही मीच लिहिणार आहे. बाई, तुमचे उपकार मी एक दिवस असेच फेडीन.